पियानोच्या ॲक्शनमधील दोऱ्या आणि स्प्रिंगा बदलताना

मराठवाड्यात पियानो मोजकेच आहेत. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातील एखादे जुने घर, एखादी मिशनची शाळा, चर्च किंवा अलीकडच्या काळातील एखादे मोठे हॉटेल, यांपलीकडे ते सहसा दिसत नाहीत. आणि जे दिसतात त्यांतील बहुतेक उभ्या बांधणीचे, म्हणजे अपराइट, आणि वयाने जुने असतात. सूर लावणारा माणूस मुंबईहून किंवा पुण्याहून बोलवावा लागतो, तो आला की सूर लावून निघून जातो, आणि मधल्या काळात एखादी पट्टी अडू लागली की तक्रार गावातल्या पेटी दुरुस्त करणाऱ्याकडे येते. पुढील मजकूर मुख्यतः अशा पेटीच्या कारागिरासाठी, आणि ज्याच्या हाताला सफाई आहे अशा पियानोमालकासाठी लिहिला आहे.

तक्रार बहुधा ठरलेली असते: पट्टी एकदा वाजते, पण लगेच पुन्हा दाबली की वाजत नाही. पेटीची सवय असलेला हात अशा वेळी थेट स्प्रिंगकडे वळतो, कारण पेटीत पट्टी वर आणण्याचे काम स्प्रिंगच करते आणि ती ढिली पडली की थोडी वाकवून किंवा बदलून प्रश्न मिटतो. पियानोत मात्र पट्टी स्वतःच्या तोलावर आणि तिच्यावर टेकलेल्या, तारेपर्यंत आघात पोहोचवणाऱ्या यंत्रणेच्या, म्हणजे ॲक्शनच्या, वजनावर जागेवर येते. तेथील स्प्रिंगांचे काम वेगळे आहे: हॅमर, म्हणजे तारेवर आदळणारा हातोडा, तारेपासून मागे आणणे, डॅम्पर, म्हणजे तारेचा नाद थांबवणारी गादी, तारेवर दाबून धरणे आणि जॅक, म्हणजे हॅमरला ढकलणारा दांडा, पुन्हा हॅमरच्या बुडाखाली सरकवणे. या स्प्रिंगा सहसा लवकर थकत नाहीत. त्यांना धरून ठेवणारी बारीक दोरी त्यांच्या आधी जाते. म्हणून स्प्रिंग वाकवण्यापूर्वी दोरी पाहावी. ज्या जुन्या पियानोंवर आधी कोणीतरी हात चालवलेला असतो, त्यांतील निम्मे नुकसान हा क्रम उलटा केल्यामुळे झालेले असते, असे माझे मत आहे.

काम समजण्यासाठी एका सुराचा मार्ग डोळ्यांसमोर हवा. पट्टीचे पुढचे टोक खाली गेले की मागचे टोक वर येते आणि त्याच्यावर टेकलेला व्हिपेन, म्हणजे छोटी लाकडी तरफ, उचलला जातो. व्हिपेनवर उभा असलेला जॅक हॅमरच्या बुडाशी असलेल्या लाकडी ठोकळ्याला, म्हणजे बटला, वर ढकलतो. हॅमर तारेकडे झेपावतो आणि तार तीनेक मिलिमीटरवर आली असताना जॅक बटखालून निसटतो, त्यामुळे शेवटचे अंतर हॅमर केवळ आपल्या वेगावर कापतो, तारेवर आदळतो आणि परत फिरतो. दरम्यान, हॅमर साधारण अर्ध्या वाटेवर असताना, व्हिपेनच्या मागच्या बाजूचा छोटा धातूचा चमचा डॅम्परच्या दांड्याला ढकलून डॅम्पर तारेवरून उठवतो. बट ज्या छोट्या लाकडी तुकड्यावर पिनेने टांगलेला असतो त्याला फ्लँज म्हणतात, आणि फ्लँज एका स्क्रूने मुख्य रेलवर बसवलेला असतो. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या पियानोत हा सारा संच अठ्ठ्याऐंशी वेळा येतो. काही जुन्या पियानोंत पट्ट्या पंच्याऐंशीच असतात. डॅम्पर मात्र सर्वांना नसतात, कारण सर्वांत वरच्या दीड-पावणेदोन सप्तकांतील तारा इतक्या आखूड असतात की त्यांचा नाद आपोआपच विरतो.

हॅमरची स्प्रिंग दोन पद्धतींनी बसवलेली आढळते. पहिल्या पद्धतीत स्प्रिंग बटमध्ये पक्की असते आणि तिच्या मोकळ्या टोकाचा आकडा फ्लँजला चिकटवलेल्या दोरीच्या इवल्याशा फासात अडकलेला असतो. झाँ श्वांडर यांनी १८४४ मध्ये पॅरिसला सुरू केलेल्या कारखान्याच्या नावावरून ही श्वांडर पद्धतीची ॲक्शन म्हणून ओळखली जाते, आणि इंग्लंडहून आलेल्या अनेक पियानोंत तीच असते. रेलवर श्वांडर किंवा हेरबर्गर ब्रूक्स असा शिक्का दिसला की फास असण्याची शक्यता मोठी असते. दुसऱ्या पद्धतीत सर्व स्प्रिंगा एका स्वतंत्र आडव्या रेलमध्ये ओळीने रोवलेल्या असतात आणि त्या बटला तारांच्या बाजूने नुसत्या टेकतात. तेथे दोरीच नसते. आपल्यासमोर कोणती पद्धत आहे हे वरची फळी काढून, बॅटरीच्या उजेडात दोन हॅमरांच्या मधून डोकावले की कळते.

आता निदानाकडे वळू. पट्टी दाबून सोडल्यावर हॅमर रेंगाळत परत येत असेल, तर त्याची तीन कारणे असू शकतात: दोरी तुटलेली आहे, स्प्रिंगचा आकडा फासातून निसटला आहे, किंवा फ्लँजची पिन आपल्या लोकरी अस्तरात आवळली आहे. पहिली दोन कारणे डोळ्यांना दिसतात. तिसरे दिसत नाही आणि आपल्याकडे जुलै ते सप्टेंबर या काळात तेच सर्वाधिक आढळते, कारण पावसाळी हवेत लाकूड आणि लोकर दोन्ही फुगतात. ते ओळखण्यासाठी हॅमर फ्लँजसकट काढावा, स्प्रिंग फासातून सोडवावी, फ्लँज बोटांत आडवा धरावा आणि हॅमर झुलू द्यावा. मोकळा हॅमर चार ते सहा हेलकावे घेऊन थांबतो. जो एका हेलकाव्यातच मरतो त्याची पिन आवळलेली आहे, आणि जो दहा-बारा हेलकावे घेतो त्याची पिन ढिली आहे. आवळलेल्या पिनेवर उपाय म्हणून स्प्रिंग ताणणे हा अगदी चुकीचा मार्ग आहे. त्याने हॅमर परत येऊ लागतो हे खरे, पण तारेकडे जाताना त्याला तेवढाच अधिक विरोध होतो, पट्टी जड लागते, हळू वाजवणे कठीण होते, आणि उन्हाळा आला की पिन मोकळी होऊन तो एक सूर शेजाऱ्यांपेक्षा वेगळाच वागू लागतो.

डॅम्परच्या स्प्रिंगची तक्रार कानाला आणि बोटाला वेगवेगळी कळते. पट्टी सोडल्यावरही सूर गुणगुणत राहिला, तर स्प्रिंग मोडलेली किंवा निसटलेली असते. उलट, पट्टी पहिल्या अर्ध्या अंतरात हलकी आणि नंतर अचानक जड लागत असेल, तर डॅम्परची स्प्रिंग गरजेपेक्षा ताठ आहे, कारण चमचा डॅम्परला नेमका त्याच ठिकाणी भिडतो. उजव्या बाजूचे पेडल पूर्ण दाबून तीच पट्टी पुन्हा दाबून पाहावी; जडपणा गेला तर निदान पक्के झाले, कारण पेडलने डॅम्पर आधीच उचललेले असतात. जॅकची स्प्रिंग गेली असेल तर पट्टी रिकामी जाते: ती खाली जाते, पण हॅमर हलतच नाही, कारण जॅक बटखाली परत आलेला नसतो.

कामाची वेळ निवडता येत असेल तर दसऱ्यानंतरची निवडावी. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या पुढे जातो, लाकूड सुकून आकसते आणि फ्लँजचे स्क्रू ढिले पडतात. त्या स्थितीत केलेली मोजमापे पावसाळ्यात टिकत नाहीत. भर पावसात सरस नीट वाळत नाही. कार्तिकापासून माघापर्यंतची कोरडी पण सौम्य हवा या कामाला सर्वांत मानवते. पावसाळ्यातच काम करणे भाग असेल, तर निदान पिनेच्या आवळण्यावर तेव्हा निर्णय घेऊ नये.

दोरीची निवड हा या कामातील खरा कळीचा भाग आहे. मूळ दोरी रेशमाची असते, आणि रेशीम म्हटले की आपल्याकडे लगेच पैठण आठवते. जालन्याच्या बाजार समितीत तर रेशीमकोषांची खरेदी-विक्रीही होते. पण साडीच्या विणकामाचा धागा या कामाला चालत नाही. त्याला पीळ कमी असतो, तो आकड्याच्या कडेवर पिंजतो आणि सरस लावताच चपटा होतो. येथे हवी ती विणीव दोरी, म्हणजे बारीक गोफासारखी गुंफलेली, जी ओढल्यावर लांबत नाही आणि कापल्यावर उसवत नाही. पियानोच्या सुट्या भागांच्या दुकानांत ती तयार मिळते. मुंबईत धोबीतलाव परिसरातील जुन्या वाद्यांच्या दुकानांतून तिची चौकशी करता येते आणि ती टपालाने मागवता येते. अगदीच अडले तर दागिने गाठवणाऱ्या पटवेकऱ्याकडे बारीक विणीव रेशमी किंवा पॉलिस्टरची दोरी मिळते, आणि ती एक-दोन फासांपुरती चांगली निभावते. मात्र जाडी जुन्या दोरीशी आणि फ्लँजवरील खाचेशी जुळवूनच घ्यावी, आणि दोरीत जरीची तार असेल तर ती घेऊ नये. मासे धरण्याची नायलॉनची तार कधीही वापरू नये. ती कडक आणि गुळगुळीत असते, तिच्यावर सरस धरत नाही, आणि स्प्रिंगचा आकडा तिच्यावर टिचकीसारखा आवाज करतो.

स्प्रिंगा मात्र शक्यतो संचानेच मागवाव्यात, आणि मागवताना जुन्या स्प्रिंगेचा नमुना सोबत पाठवावा. खर्जाच्या, मधल्या आणि वरच्या भागातील स्प्रिंगांची ताकद व लांबी एकसारखी असेलच असे नाही, म्हणून तिन्ही भागांतील एकेक नमुना द्यावा. पेटीची स्प्रिंग कापून येथे बसवण्याचा मोह अनेकांना होतो. तिची तार पियानोच्या मानाने फार ताठ असते आणि तिने होणारे नुकसान तुटलेल्या स्प्रिंगेपेक्षा जास्त असते. तंबोऱ्याच्या पितळी तारेपासून सुईवर वेटोळे घालून एखाद्या डॅम्परपुरती स्प्रिंग करता येते, पण ती कामचलाऊच समजावी आणि संच आला की काढून टाकावी. जुन्या स्प्रिंगा सरळ, अखंड आणि लवचिक असतील तर त्या बदलण्याची गरजच नाही. पितळ कळकले असेल तर कोरड्या कापडाने आणि अगदी बारीक पॉलिश पेपरने पुसून घ्यावे. आकड्याच्या टोकाला कंगोरा आला असेल तर तो त्याच कागदाने गोल करावा, नाहीतर नवी दोरी काही महिन्यांतच कापली जाईल.

चिकटवण्यासाठी जनावरांच्या कातड्याचा पारंपरिक सरस सर्वोत्तम, कारण पुढच्या कारागिराला तो ऊब आणि ओलावा देऊन सोडवता येतो. तो तयार करण्याचा खटाटोप नको असेल तर लाकडासाठीचा पांढरा फेविकॉल चालतो, पण तो थोडा आटवून, दाट करून घ्यावा. पातळ चिकट द्रव दोरीतून शोषला जाऊन फासापर्यंत पोहोचतो आणि फास काडीसारखा कडक होतो. झटपट चिकटणारा फेव्हिक्विक तर या बाबतीत फार धोकादायक आहे, कारण तो दोरीबरोबर पिनेच्या लोकरी अस्तरातही उतरू शकतो, आणि मग पिन काढून सगळे अस्तर नव्याने बसवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तेल कोणत्याही भागाला लावू नये, मग ते शिलाई मशीनचे असो वा खोबरेल. ते लाकडात मुरते आणि धुळीबरोबर चिकट होते.

ॲक्शन बाहेर काढण्यापूर्वी फितींची अवस्था पाहावी. प्रत्येक व्हिपेनपासून हॅमरच्या बटपर्यंत एक छोटी सुती फीत असते, तिच्या टोकाला कातड्याचा तुकडा असतो आणि तो व्हिपेनवरील वाकवलेल्या तारेत अडकवलेला असतो. ॲक्शन उचलली की व्हिपेन याच फितींवर लोंबकळतात. उंदरांनी किंवा कसरीने फिती खाल्ल्या असतील तर व्हिपेन खाली पडतात, जॅक बटच्या चुकीच्या बाजूला जातात, आणि ॲक्शन परत बसवताना ते मोडतात. फिती गेल्या असतील तर ॲक्शन जागेवर असतानाच व्हिपेनच्या ओळीखालून एक रुंद सुती नाडी घालून ती दोन्ही टोकांना मुख्य रेलवर बांधावी, आणि मगच पुढे जावे.

त्यानंतर वरचे झाकण उघडून, समोरची फळी आतील खिट्ट्या फिरवून काढावी. ॲक्शन वरच्या बाजूला धातूच्या कंसांवर दोन ते चार मोठ्या गोल बोंडांनी धरलेली असते. ती फिरवून काढावीत, ॲक्शन हळूच आपल्याकडे कलवावी, खालच्या खोबणीतून सुटल्याची खात्री करावी आणि कंस धरून सरळ वर उचलावी. उचलताना हात हॅमरांना किंवा डॅम्परांना लागू देऊ नये. वजन फार नसते, पण लांबी मोठी असल्यामुळे दुसऱ्या टोकाला माणूस हवा. टेबलावर दोन लाकडी ठोकळे ठेवून ती उभीच टेकवावी. आता रंगीत पेन्सिलीने खर्जाकडून वरपर्यंत प्रत्येक हॅमरच्या बटवर क्रमांक घालावा. बहुतेक कारखान्यांनी ते आधीच छापलेले असतात, पण पूर्वीच्या दुरुस्तीत हॅमर इकडचे तिकडे झाले असण्याची शक्यता असते, म्हणून छापील क्रमांकांवर डोळे मिटून विसंबू नये.

आता श्वांडर पद्धतीच्या फासांचे काम. एक-दोन फास तुटले असतील तर उरलेल्यांचीही परीक्षा घ्यावी: क्रोशाच्या सुईने स्प्रिंग फासातून सोडवून फास त्याच सुईने हलकेच ओढावा. रेशीम शाबूत असेल तर ते टिकते. जीर्ण झालेले असेल तर चुरा होऊन हातात येते. दहा फासांपैकी दोनही असे तुटले, तर सगळेच बदलावेत. सर्व फास एकाच वयाचे असतात, आज दोन बदलले तर पुढच्या दिवाळीपर्यंत आणखी पाच तुटतात, आणि दर वेळी ॲक्शन बाहेर काढण्याचा धोका पत्करावा लागतो.

हॅमर सरसकट काढू नयेत. आधी विषम क्रमांकाचे काढावेत, त्यांचे काम पूर्ण करून परत बसवावेत आणि मग सम क्रमांकाचे काढावेत; म्हणजे शेजारचा हॅमर बाजूंच्या अंतराचा दाखला म्हणून जागेवर राहतो. स्क्रू जाड पुठ्ठ्याला क्रमाने भोके पाडून त्यांत खोचून ठेवावेत. फ्लँजखाली कागदाचे पातळ तुकडे चिकटवलेले आढळले तर ते मुद्दाम, हॅमर सरळ करण्यासाठी लावलेले असतात; ते जपावेत.

फ्लँजवरील खाच स्वच्छ करण्यासाठी जुनी दोरी ब्लेडच्या टोकाने बाजूने सोडवावी. सरस पारंपरिक असेल तर कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाच्या बोळ्याने तो मऊ होतो, पण पाण्याचा एक थेंबही पिनेच्या अस्तराकडे जाऊ देऊ नये. खाच ब्लेडने रुंद करू नये. ती सैल झाली तर दोरीची पकडच जाते. या टप्प्यावर फासाची लांबी ठरवायची असते, आणि येथे घाई करू नये, कारण स्प्रिंगचा ताण फासाच्या लांबीवर अवलंबून असतो: फास लांब झाला तर स्प्रिंग ढिली राहते, आखूड झाला तर ताठ होते. पियानोतील अखंड राहिलेल्या पाच-सहा फासांची लांबी मिलिमीटरच्या पट्टीने मोजावी आणि त्यांतून एक मोजमाप पक्के करावे. मग एका लाकडी फळीवर फ्लँज बसेल अशी जागा आखून, नेमक्या त्या अंतरावर बारीक खिळा ठोकावा. दोरीचा सुमारे तीन सेंटीमीटरचा तुकडा घेऊन त्याचा मधला भाग खिळ्यावर घालावा, दोन्ही टोकांना खाचेपुरताच दाट सरस लावावा आणि ती खाचेत बोथट पात्याने दाबून बसवावीत. टोके जरा लांबच ठेवावीत. सरस पूर्ण वाळल्यावर, म्हणजे किमान रात्रभरानंतर, ती फ्लँजच्या पृष्ठभागाबरोबर नव्या ब्लेडने कापावीत. अशा दोन-चार फळ्या केल्या तर काम बरेच भराभर होते आणि सगळे फास एका मापाचे येतात. फासाच्या मोकळ्या भागाला सरस लागला असेल तर तो फास तिथल्या तिथे काढून टाकावा. तो पुढे ठीक होईल ही आशा व्यर्थ असते.

फास वाळल्यावर स्प्रिंगचा आकडा क्रोशाच्या सुईने त्यात घालावा. स्प्रिंगला वाकवण्याची गरज पडलीच तर ती बुडाजवळ, वेटोळ्याच्या लगत, बोटांनी अलगद वाकवावी. टोकाजवळ पक्कडीने दिलेला बाक पुढे तुटतो. योग्य ताण ओळखण्याची खूण अशी की हॅमर बोटाने तारेच्या बाजूला नेऊन सोडला तर तो रेंगाळू नये आणि धडकूही नये, पण मागे येताना त्याची गती शेजारच्या हॅमरसारखी असावी. शेजारी-शेजारी तुलना करत जाणे हेच येथले मोजमाप. हॅमर परत बसवताना स्क्रू सपाट बसेपर्यंत फिरवावा, आवळत राहू नये, आणि हॅमर तारांच्या जोडीवर किंवा तिकडीवर मधोमध येतो की नाही हे पुढे ॲक्शन जागेवर बसल्यावर पुन्हा पाहावे.

दुसऱ्या पद्धतीच्या, म्हणजे स्वतंत्र रेलमधील स्प्रिंगांबाबत फारसे सांगण्यासारखे नाही. तुटलेली स्प्रिंग रेलमधून पक्कडीने सरळ ओढावी, तिच्याच जाडीची नवी घालावी, आणि रेलला असलेली लोकरी पट्टी कसरीने खाल्ली असेल तर ती बदलावी, नाहीतर स्प्रिंग लाकडावर टकटक वाजते.

डॅम्परच्या स्प्रिंगेत दोरी वेगळ्या कामाला येते. येथे स्प्रिंगचे वेटोळे फ्लँजच्या भोकात बसलेले असते आणि दोरीचा तुकडा त्या वेटोळ्यातून आरपार जाऊन आसाचे काम करतो. दोरी मऊ असल्यामुळे स्प्रिंग कुरकुरत नाही. डॅम्पर रेलवरून काढावा, दोरीची दोन्ही टोके ब्लेडने सपाट करून ती बारीक बोथट खिळ्याने भोकातून बाहेर ढकलावी आणि जुनी स्प्रिंग कोणत्या बाजूने, कोणता हात वर ठेवून बसवली होती हे कागदावर चित्र काढून ठेवावे. ही गोष्ट फार साधी वाटते, पण नवी स्प्रिंग उलटी बसली तर ती डॅम्परला तारेवर दाबण्याऐवजी तारेपासून दूर ढकलते. नवी दोरी ओवताना तिचे टोक सरसाने ताठ करून तिरके कापावे म्हणजे ती वेटोळ्यातून सहज जाते. सरस फक्त बाहेरच्या दोन टोकांना लावावा, आतल्या भागाला लागू देऊ नये. स्प्रिंगचा लांब हात डॅम्परच्या दांड्यावरील ज्या खाचेत सरकतो तेथे मऊ पेन्सिलीचे शिसे घासावे. स्प्रिंगांत अनेकदा खर्जाच्या आणि मधल्या भागांत फरक असतो. खर्जाच्या जाड तारांचे डॅम्पर मोठे आणि वजनदार असतात, त्यामुळे तेथील स्प्रिंग वरच्या सुरांना वापरली तर त्या पट्ट्या जड होतात. ज्या जुन्या इंग्रजी पियानोंत डॅम्पर हॅमरांच्या वरून लांब तारांनी चालतात, त्यांच्याबाबत हा मजकूर लागू नाही. ते काम जाणकाराकडेच द्यावे.

जॅकची स्प्रिंग ही शंकूच्या आकाराची, दाबली जाणारी छोटी स्प्रिंग असते. ती व्हिपेनवरील खळगी आणि जॅकची टाच यांच्यामध्ये उभी असते. चिमट्याने जुनी काढावी, खळगी झटकून तीत सरसाचा एक थेंब टाकावा, नवी बसवावी आणि जॅक हाताने मागे-पुढे करून ती वाकडी होत नाही ना ते पाहावे. येथे दोरी नसते आणि बहुधा स्प्रिंग मोडलेलीही नसते. ती पडून पट्ट्यांच्या मागे धुळीत सापडते, म्हणून नवी मागवण्यापूर्वी तेथे हात घालून पाहावा.

फिती बदलण्याचे काम वेळखाऊ आहे, पण अवघड नाही. अखंड राहिलेल्या फितीवरून लांबी घ्यावी, जुनी फीत कॅचरच्या, म्हणजे बटमधून पुढे आलेल्या छोट्या ठोकळ्याच्या, खालून कापावी आणि नवी त्याच जागी चिकटवावी. तयार फितीच्या टोकाला बुचाची खुंटी असेल आणि कॅचरमध्ये तिच्यासाठी भोक असेल तर सरसही लागत नाही. सर्व फिती एका लांबीच्या असणे महत्त्वाचे आहे. याची कसोटी ॲक्शन जागेवर बसल्यावर लागते: हॅमर विसावलेले असताना फितीत थोडा ढिलेपणा दिसला पाहिजे, आणि डावीकडचे सॉफ्ट पेडल पूर्ण दाबून हॅमरांची रेल तारांकडे सरकली की सर्व फिती एकाच वेळी ताणल्या जाव्यात, पण पट्ट्या मात्र हलू नयेत. एखादी पट्टी खाली बसली तर तिची फीत आखूड आहे. व्हिपेनवरील तार किंचित हॅमरच्या बाजूला वाकवून ते दुरुस्त होते. फीत फार सैल असेल तर ती व्हिपेनवरील तारांमध्ये अडकते, म्हणून सैल ठेवणे हे सुरक्षित असे समजू नये.

ॲक्शन परत घालताना प्रथम खालची खोबणी बसवावी, मग वर कलवून बोंडे हलक्या हाताने फिरवावीत. डॅम्पर तारांच्या मध्ये सरळ जातात का, पेडलच्या काठ्या आपापल्या जागी आहेत का, प्रत्येक व्हिपेन आपल्या पट्टीच्या मागच्या टोकावर टेकला आहे का, हे पाहिल्याशिवाय बोंडे घट्ट करू नयेत. त्यानंतर प्रत्येक पट्टी आधी अगदी हळू दाबून हॅमर तारेपासून तीनेक मिलिमीटरवर निसटतो की नाही ते पाहावे. विसावलेल्या हॅमरचे टोक तारेपासून साधारण पंचेचाळीस मिलिमीटर असते. नवे फास आखूड पडले असतील तर हॅमर जोराने परत येतात आणि फार लांब असतील तर रेंगाळत येतात, त्यामुळे परतीची गती शेजाऱ्यांशी ताडून पाहिली की चुकीचे फास कळतात. शेवटी प्रत्येक सूर जलद पाच-सहा वेळा वाजवावा, कारण ज्या तक्रारीपासून काम सुरू झाले ती हळू वाजवल्यावर कधीच दिसत नाही.

बदललेल्या स्प्रिंगा आणि उरलेली दोरी एका पाकिटात घालून पियानोच्या खालच्या फळीच्या आत चिकटवून ठेवावी आणि पाकिटावर तारीख, फासाची मोजलेली लांबी आणि सरसाचा प्रकार लिहावा. पहिल्या पावसाळ्यानंतर, म्हणजे साधारण ऑक्टोबरमध्ये, सर्व फ्लँजांचे स्क्रू एकदा आवळून पाहावेत.